अंगददादाचं कार्ड

ए पार्थ, हसू नको, आधी ऐक. परवा राहुरीला गोजरआत्याकडं गेल्तो ना, तर तिनं अंगददादाचा कॉम्प्युटरच पुढं केला. अंगददादा म्हंजे तिचा पोरगा. आपन जन्मायच्या आधीच, दोन हजार एकला, गाडीवर घरी येताना अपघातात गेला. कॉलेजात असताना तो स्वतः एक गेम बनवीत हुता. आत्याला म्हनायचा, "पुरा झाला की दाखवतो." राहिलंच ते. आत्या म्हनली, "आदी, तू कॉम्प्युटरचं शिकतो ना? मला एकदा बघायचंय."

मी म्हनलं, सोपंय! त्याच्या डिस्कमधनं गेम काढला, माझ्या लॅपटॉपवर टाकला. नुसता काळा पडदा. दादानं तो एका जुन्या थ्रीडी कार्डापुरताच लिहिलेला. आता चित्र काढायची चिप सगळ्यांत असती रे, तवा न्हाई. साध्या कार्डाशेजारी हे दुसरं बसवायचं, मागनं वायर जोडायची, मग गेममधले ठोकळे एकदम गुळगुळीत! दादानं त्याच्यासाठी दोन सुट्ट्या साखर कारखान्यात काम केलं हुतं.

मग त्याचाच कॉम्प्युटर उघडला. बघतो तर कार्ड लालभडक! आत्या दर खंडेनवमीला विळा-कोयत्यासंगं त्याची पन पूजा करायची. थेट कार्डावर हळद-कुंकू! दादानंच सांगितलेलं तिला, "आई, चित्र हे काढतं."

"आत्या, हे पुसावं लागंल."

"माझ्यामुळं बिघडलं व्हय रं?"

"न्हाई न्हाई, धूळ हाय."

"कुंकवाला धूळ म्हनतो, गाढवा!" तिनं माझ्या हातातनं ब्रश घेतला आन् स्वतःच सगळं साफ केलं.

तिसऱ्या खेपेला चालू झालं. मुळा धरनाचा रस्ता, ऊस, एक घर. दारात हिरव्या लुगड्यातली बाई. तोंड न्हाई, नुसते त्रिकोन.

"मी हाय का ती?"

"व्हय."

गेममधली गाडी पुढं घेतली, मागं बघायचं बटन दाबलं. तवाच्या कार्डांना लांबचं चित्र काढायला जमायचं न्हाई, म्हनून लांबचं सगळं धुक्यात घालवायचे. ऊस गेला. घर गेलं. पन बाई जाईना! कितीबी लांब गेलो तरी हिरवा ठिपका दिसतोच. दादानं तिच्यापुरतं धुकं बंद ठेवलेलं रे. मुद्दाम. चुकून होत न्हाई तसं.

आत्याला सांगितलं. ती पडद्याजवळ सरकली. मग म्हनली, "वळव गाडी. घरी ने त्याला."

मी तिचंच बोट बटनावर ठेवलं. गाडी वळली. घर दिसाय लागलं, मोठं व्हायला लागलं, आन् कार्ड तापलं का काय, पडद्यावर रंगीत पट्टे आले, आन् बंद. परत किती खटपट केली, न्हाईच चालू झालं.

आत्याचं बोट तसंच दाबलेलं.

"पोचला का रं?"

दारापासनं पाच-सहा हात राहिली हुती गाडी. मी म्हनलं, "पोचला, आत्या."