तोंड न लावता

ऋजुताने सासूबाईंच्या तोंडात टॉर्च मारला आणि श्वास रोखून धरला. तंबाखूने किटलेले दात, आंबूस वास, आणि डाव्या गालाच्या आत तो पांढरा डाग. जसाच्या तसा.

“काय की गे? कमी झाला?” सईबाईंनी विचारलं.

“नाही.”

उद्या डॉक्टरांकडे जायचं होतं. डाग हटला नाही तर कापून काढू, असं ते म्हणाले होते. तोवर तंबाखू बंद, आणि रोज ताकात कालवून स्पिरुलिना, म्हणजे टाकीत वाढवलेल्या शेवाळाची पूड. गुण येईलच असं नाही, पण करून पाहू. सईबाईंनी तंजावरहून आणलेली जन्माची सवय एका दिवसात सोडली.

शेवाळ कालवणं मात्र ऋजुताच्या वाट्याला आलं. चेन्नईच्या उकाड्यात डबा उघडला की न धुतलेल्या माशांच्या टाकीचा भपकारा यायचा. पुण्याला माहेरी ती पोह्यांतला कढीपत्तासुद्धा वेचून टाकायची, आणि इथे हे! सासूबाईंच्या हातात पेला दिला की ती तोंड फिरवायची आणि सिरुसेरीच्या ऑफिसला नेणारी कंपनीची बस गाठायची.

आज सुट्टी होती. सईबाईंनी मान मागे टाकली, पेला वीतभर वर धरला आणि हिरवी धार ओठांना न शिवता थेट घशात सोडली. गालांना थेंबही लागला नाही.

“आई, रोज असंच पिता?”

“मग? पेल्याला तोंड लावायचं? छी, एच्चिल होते की गे, उष्टं!”

“अहो, ते तोंडात घोळवायचं होतं! डाग तिथे आहे ना.”

“ती घाण? तोंडात धरायची?” सईबाईंचा चेहरा कसनुसा झाला. “अय्यो, मज होणार नाही. कापू दे त्यांना.” बोलताना त्यांचा हात मात्र गालावर गेला.

इतके दिवस आपण नाक मुरडून पळालो नसतो, तर पहिल्याच सकाळी हे दिसलं असतं. ऋजुताला स्वतःचीच चीड आली. तिने अर्धा उरलेला पेला उचलला, ओठांना लावला आणि मोठा घोट घेतला. शेवाळ जिभेवर पसरलं, दातांत शिरलं. डोळ्यांत पाणी आलं. तरी सासूबाईंकडे बघत ती ते या गालातून त्या गालात फिरवत राहिली. मग गिळलं.

उष्टा पेला विसळायला ती नळाकडे वळली, तोच सईबाईंनी तिचं मनगट धरलं.

“राहू दे. अजून आहे की त्यात.”

डोळे घट्ट मिटून त्यांनी पेल्याला ओठ लावले.