अंगठ्याचा पाव

"राजाचा शिक्का, सूर्य की चंद्र? तुला काय वाटतं, आजी?" नातीने वही पुढे सरकवली. शाळेत सुट्टीच्या प्रथांवर प्रकल्प होता. वर्षअखेरच्या सुट्टीला घरोघरी जो गोड पाव येई, त्याच्या मधोमध एक खळगा असे. त्याची कारणं तिने गावभर विचारून जमवली होती.

आजी पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "अगं, तो खळगा माझा आहे."

"चल, काहीतरीच!"

"खरंच. बेकरीत कामाला लागून तीन दिवस झाले होते. तुझे आजोबा नुकतेच गेलेले, पदरात तुझी आई. सुट्टीच्या आदल्या सकाळी कारागीर म्हणाला, पीठ फुगलंय का ते दाबून बघ. एखादाच गोळा दाबून बघायचा असतो, मला काय ठाऊक? मी ओळीनं दाबत सुटले. अंगठ्यानं, चांगले खोल! दोनशे चाळीस झाले तेव्हा तो ओरडला."

"बाप रे! मग?"

"मग काय, पुन्हा मळायला वेळ नव्हता. दाराशी रांग. कारागीर म्हणाला, हिला आत्ताच्या आत्ता घालवा. मी ॲप्रन काढून घडी घातली. मालक आले, ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बाह्या सरसावल्या आणि उरलेले साठ पाव स्वतः अंगठ्यानं दाबले. गिऱ्हाइकांना म्हणाले, यंदा सुट्टीसाठी मुद्दाम केलेत. मला एवढंच म्हणाले, 'उद्या सुट्टी. परवा वेळेवर या.' पुढच्या वर्षी लोकच खळग्याचा पाव मागायला लागले."

"तू त्यांना थँक्यू म्हणालीस?"

"नाही गं. एकतीस वर्षं वेळेवर जात राहिले."

नातीने पेन उचललं. "लिहू हे?"

आजीने वही जवळ ओढली. पुढे तीच त्या बेकरीची मुख्य कारागीर झाली होती; गावात तिच्या हाताचं नाव होतं. हे वाचून लोक हसले असते. पण मालक जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती, आणि त्या सकाळचं सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"लिही. साठ पाव कुणी दाबले, ते मात्र विसरू नकोस."

शाळेने तो कागद बेकरीला पाठवला. सुट्टीच्या आदल्या दिवशी आजी रांगेत उभी राहिली, तेव्हा तो काचेवर चिकटवलेला होता. आता बेकरी चालवणारी मालकांची मुलगी तिला बघताच पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"बाबा घरी याबद्दल एका शब्दानं बोलले नाहीत हो, मावशी."

"ते कधी बोलणारे नव्हते, म्हणून तर मी सांगितलं."

मुलगी तिचा हात धरून तशीच उभी राहिली. मागे रांग वाढत गेली, पण कुणी घाई केली नाही.