हिरवा कर्सर

भौतिकशास्त्राच्या वर्गात डेल्टा आणि मी एकाच ऑनलाइन फाइलमध्ये नोट्स टाइप करायचो. त्याच्या लॅपटॉपवरून समीकरणं, माझ्यावरून सरांचं बोलणं. समीकरणात डेल्टा म्हणजे फरक; त्याला प्रत्येक गोष्टीत फरक दिसायचा, म्हणून तो डेल्टा. उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला.

सुट्टी संपल्यावर दोन्ही कामं माझ्या गळ्यात पडली. सरांचा खडू काही थांबत नसे. समीकरण टाइप करताना एखादा महिरपी कंस बंद करायचा राहिला की चूक दाखवत अख्खं पान लाल.

अशाच एका लाल पानावर, माझ्या ओळीच्या शेवटी, हिरवा कर्सर येऊन उभा राहिला. वर त्याचं नाव.

मी खालच्या ओळीवर गेले, तो मागोमाग आला. लिहीत काहीच नव्हता, नुसता लुकलुकत होता. तास संपला तसा गेला. पुढच्या तासाला पुन्हा आला.

"लॉगिन उघडं राहिलं असेल कुठेतरी," शेजारच्या बाकावरची म्हणाली.

असेल. पण मग माझ्या मागे मागे फिरत कोण होतं?

शेवटी राहवेना. तासाला दांडी मारून त्याच्या घरी गेले. त्याच्या आईनं दार उघडलं आणि मला पाहून त्यांचा चेहराच पडला.

"तू इथे? म्हणजे आज काही उमटणार नाही."

आत त्याच्या टेबलावर आमची फाइल उघडी होती. खुर्चीच्या पाठीवर अजून त्याचा स्वेटर.

"तुमच्या तासाच्या वेळेला उघडते," काकू म्हणाल्या. "अक्षरं आपोआप येतात ना, त्यांच्या मागे मागे मीही जाते; वाटतं तोच लिहितोय. तू आहेस हे कळतं गं मला. पण तू दिसत नाहीस ना, म्हणून तोच आहे असं मानता येतं." मग जरा थांबून, "समीकरणंच लिहिशील? शब्द आले की तू वाटतेस."

मी मान डोलावली.

पुढच्या तासाला नुसती समीकरणं लिहीत गेले. हिरवा कर्सर मागे होताच. हळूहळू माझी बोटं मलाच परकी वाटायला लागली. तास निम्म्यावर आला आणि सहन होईना. समीकरण अर्धवट टाकून मी लिहिलं, 'काकू, मीच आहे. आज मला काहीएक कळत नाहीये.'

कर्सर जागीच थिजला. सरांनी फळा पुसला, पुन्हा भरला. मी एक अक्षर उतरवलं नाही. वाटलं, दुखावल्या, आता येणार नाहीत.

मग त्याच्या नावाखाली एकेक अक्षर उमटू लागलं, चाचपडत, मध्येच खोडत:

'मला पण नाही गं.'