पानाबाहेरचं नाव

मी एक जुना लेझर प्रिंटर आहे. रंगीत वगैरे काही मला येत नाही, ते आधीच सांगून टाकतो. मला एकच रंग येतो, काळा. पण तो असा काळा, की वडनेरच्या कापसाच्या मातीनंही एकदा वळून पाहावं!

मित्रांनो, माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. डोळे उघडले ते सावंगीत, एका झेरॉक्सच्या दुकानात. समोर मोठा दवाखाना आणि डॉक्टरकीचं कॉलेज. तिथली मुलं फार हुशार, पण प्रोजेक्ट द्यायचा त्याच दिवशी सकाळी धापा टाकत छापायला यायची. मी कधी कुणाला निराश केलं नाही. 'या मशीनला तोड नाही' असं दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि मी आतल्या आत फुगायचो. मग रंगीत मशीन आलं. कौतुक संपायला कितीसा वेळ लागतो? माझ्यावर एक फडकं पडलं आणि त्या फडक्यावर चहाचे कप ठेवू लागले.

तिथून मला वडनेरच्या गजेंद्रभाऊंनी आणलं. एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं, ब्लँकेटात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखं. दुकानात पाऊल ठेवताच मयुरीताईंनी मला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. नारळाचं पाणी माझ्या ट्रेमध्ये गेलं, त्यावरून नवराबायकोची पहिल्याच दिवशी जुंपली. पण घर आपलं वाटायला तेवढं पुरे झालं.

गजेंद्रभाऊ आणि मयुरीताई दोघं मिळून लग्नपत्रिकांचं दुकान चालवतात. कॉम्प्युटरवर पत्रिका मांडायची ती ताईंनी. मी ती आधी साध्या कागदावर काढायची, मग घरच्यांनी वाचून 'बरोबर आहे' म्हटलं की पातळ बटर पेपरवर. त्या बटर पेपरवरून भाऊ जाळीची स्क्रीन बनवतात आणि हातानं पत्रिका छापतात. म्हणजे पंचक्रोशीतलं प्रत्येक लग्न आधी माझ्या पोटातून जातं, मग मांडवात. हा मान काय थोडा आहे?

आता ताईंची एक खोड सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मधोमध पांढरं पान दिसतं आणि त्याच्या भोवती बरीच मोकळी करडी जागा असते. तिथं काहीही ठेवा, ते छापून येत नाही. ताईंनी त्या जागेचं अंगण करून टाकलं होतं. जास्तीचा गणपती तिथं, उरलेल्या चारोळ्या तिथं, आणि रुसलेले नातेवाईकसुद्धा तिथंच! आमच्याकडं लग्न निघालं की कुणीतरी रुसतंच. निमंत्रकांत नाव घ्यायचं की नाही यावर घराघरात खल होतो. पत्रिकेत नाव नसलं की सगळ्या गावाला कळतं, बिनसलं म्हणून. मग ताई ते नाव पुसत नसत. टाइप करून बाजूला ठेवून देत. म्हणत, "रुसवा निघाला की ओढून आत घेऊ. टाइप केलेलं आहेच."

यंदा रूपरावांच्या समीक्षाचं लग्न निघालं. रूपराव इथलेच शेतकरी, बोलायला फटकळ, मनानं लोणी. त्यांचे थोरले भाऊ किसनराव. दोघांची शेतं लागून, मध्ये एक धुरा, म्हणजे सामाईक बांध. त्या धुऱ्यावर त्यांच्या वडिलांनी लावलेला कडुनिंब होता. सावलीत कापूस धरत नाही म्हणून रूपरावांनी तो तोडला, आणि थोरल्या भावाला विचारलंही नाही. किसनराव आले, बुंधा पाहिला, आणि एक शब्द न बोलता माघारी गेले. तेव्हापासून बोलणं बंद ते बंदच.

"किसनरावचं नाव टाकू नको," निमंत्रकांत ते नाव टाइप झालेलं पाहून रूपरावांनी ताईंना बजावलं. "ज्याले बोलाची गरज नाई, त्याले पत्रिकेची काय गरज?"

ते पान खायला बाहेर गेले तशा त्यांच्या पत्नी आनंदाबाई खुर्ची ओढून ताईंजवळ आल्या. "मयुरी, पुसू नको वं ते नाव," त्या हळूच म्हणाल्या. "पोरगी रोज फोनवर विचारते, मोठे बाबा येतीन ना? लहानपणी तिले ताप आला तं मोठ्या बाबानंच खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं. काय सांगू मी तिले?"

"नाई पुसत काकू," ताई म्हणाल्या. त्यांनी ते नाव उचललं आणि पानापासून पार दूर नेऊन ठेवलं, रूपरावांच्या नजरेला पडू नये इतकं दूर.

इथवर सगळं ठीक होतं. पण आदल्या दिवशी गजेंद्रभाऊंनी वाढदिवसाचा एक लांबलचक बॅनर साध्या कागदावर नमुना म्हणून काढला होता. त्यासाठी त्यांनी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं, 'पडद्यावर जे जे आहे ते सगळं घे आणि कागदात मावेल एवढं लहान कर.' काम झाल्यावर ती खूण काढायची ते विसरले. ताईंना तर ठाऊकच नव्हतं.

रूपराव पान खाऊन परतले आणि ताईंनी बटण दाबलं. मी गुरगुरलो, कागद ओढला, आणि जे माझ्याकडं आलं ते इमानेइतबारे छापलं. कागद बाहेर आला. वरच्या कोपऱ्यात आगपेटीएवढी पत्रिका, अक्षरं मुंग्यांएवढी, बाकी कागद कोराच. फक्त खाली दुसऱ्या टोकाला एक काळा ठिपका.

"काय बापा!" रूपराव कागद डोळ्यांशी नेत म्हणाले. "गजू, तुया प्रिंटरले मोतीबिंदू झाला काय? हे वऱ्हाडी वाचतीन का मुंगळे?"

मग सुरू झाले माझे हाल. मला बंद केलं, चालू केलं. वायर उपटली, पुन्हा खोचली. टोनरची डबी काढून पाळण्यासारखी हलवली. कागद बदलला. भाऊंनी माझ्या पाठीत एक थापही मारली, आणि ती मला लागली, मशीन असलो म्हणून काय झालं! दर वेळी मी तेच छापत होतो, कारण दर वेळी माझ्याकडं तेच येत होतं. कोपऱ्यात आगपेटी, दुसऱ्या कोपऱ्यात ठिपका. मित्रांनो, आपण खरं करत असावं आणि ओरडायला तोंड नसावं, याच्यासारखं दुःख नाही.

हिंगणघाटहून धर्मेंद्र मिस्त्री आले. त्यांनी माझं पोट उघडलं, ड्रम पुसला आणि एक चाचणीचा कागद काढला. तो अगदी स्वच्छ आला, ठिपका नाही की काही नाही.

"मशीन तं ठीक आहे भाऊ," धर्मेंद्र म्हणाले.

"चाचणीच्या कागदावर लग्न लागत नाई ना जी!" भाऊ तडकले. त्यांनी पत्रिका पुन्हा छापायला दिली. पुन्हा आगपेटी, पुन्हा ठिपका.

धर्मेंद्रांनी डोकं खाजवलं. "मंग जुनं झालं म्हणा. आता याच्यात जीव नाई."

"उद्या भंगारवाला येऊन राह्यला, देऊन टाकतो त्याले," भाऊ म्हणाले. "बहू झालं आता. यांच्या पोरीचं लग्न तोंडावर आलं, दुसरीकडून काढून आणतो."

ताईंनी पदरानं माझ्यावरची धूळ तेवढी पुसली. मला सावंगीचं ते फडकं आठवलं. भंगारात तर फडकंही नसतं.

रूपराव मात्र बाकावर बसून ते वाया गेलेले कागद एकावर एक ठेवून उजेडाकडं धरत होते. आयुष्यभर बियाणं निवडलेला माणूस, खड्यावर नजर जाणारच. "अबे गजू," ते म्हणाले, "घाण असती तं कुठंही पडली असती. हा ठिपका दर कागदावर एकाच जागी काऊन?"

स्क्रीनची जाळी तपासायचं भिंग टेबलावरच पडलं होतं. त्यांनी ते घेतलं, ठिपक्यावर धरलं, आणि डोळा लावला. बराच वेळ लावला. मग भिंग हळूच खाली ठेवलं.

"किसनराव," ते म्हणाले.

ताईंचा चेहरा उतरला. "काकाजी, माफ करा... म्या ते बाजूले ठेवलं होतं. ते छापून येत नाई कधी, कसं आलं काय मालूम."

"तिले काही म्हणू नका," आनंदाबाई पुढं झाल्या. "म्याच सांगतलं तिले. पुसाले जीव झाला नाई माया."

ताईंनी पडद्यावरचं पान दूर सारायला सुरुवात केली. पान लहान लहान होत गेलं, आणि खूप खाली, त्या करड्या माळावर, एकटंच उभं असलेलं ते नाव दिसलं. मग ताईंना सगळा उलगडा झाला. "अहो, तुमची बॅनरची खूण तशीच राह्यली!" त्या भाऊंना म्हणाल्या. "म्हणून कॉम्प्युटरनं तेवढ्या दूरचं नावही कागदात घेतलं, अन् त्याच्यापायी अख्खी पत्रिका बारीक केली. प्रिंटरचा काहीच दोष नाई."

भाऊ माझ्याकडं पाहून ओशाळले. मी दिवा मिचकावला. एवढंच मला जमतं.

"थांबा, ते नाव पुसते मी, अन् खूण बी काढते," ताई म्हणाल्या.

"पुसू नको." रूपराव म्हणाले. ते पडद्याकडंच पाहत होते. "केवढं दूर नेऊन उभं केलं वं त्याले. एकटाच." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि पुसताना कुणापासून लपवलेही नाहीत. "निंब म्या तोडला. बाबानं लावला होता, दादानं पाणी घालून वाढवला, अन् म्या त्याले विचारलंबी नाई. रुसाचा हक्क त्याचा होता, मीच कायले रुसून बसलो? घे त्याले आत. सगळ्याइच्या वरती घे, थोरला आहे तो."

ताईंनी नाव ओढून आणलं आणि निमंत्रकांत सगळ्यात वर ठेवलं. खूण काढली, बटण दाबलं. मित्रांनो, त्या दिवशी मी जसा कागद ओढला तसा कधी ओढला नसेन. पत्रिका बाहेर आली ती पुरत्या मापाची, कडेपासून कडेपर्यंत, काळीभोर.

रूपरावांनी तो गरम कागद घेतला आणि घडी घालू लागले.

"अहो, पयली पत्रिका मारुतीले ठेवा लागते," आनंदाबाई म्हणाल्या.

"मारुतीले ठेवू ना, सारी छापून झाली की. हा कागद घेऊन आधी दादाकडं जातो. मारुतीले भावाभावातलं समजते, तो काही म्हणणार नाई." जाताना त्यांनी तो आगपेटीवाला कागदही खिशात घातला.

दोन्ही भावांचं घरी काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मी टेबलावरचा जीव, जे दुकानात घडतं तेवढंच सांगू शकतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर एक मोटरसायकल थांबली. पुढं रूपराव, मागं पांढऱ्या टोपीतले किसनराव. किसनराव आत आले, चष्मा लावून पत्रिकेचा कागद सावकाश वाचला, समीक्षाच्या नावावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. छापा."

नेमका तेव्हाच भंगारवाला दारात आला. भाऊंनी त्याला जळालेली बॅटरी देऊन वाटेला लावलं.

रूपरावांनी खिशातून काढून टेबलावर ठेवलेला तो आगपेटीवाला कागद ताईंनी चुरगाळायला उचलला, तसा किसनरावांनी हात पुढं केला. "तो मले दे पोरी."

"हा? हा तं बिघडलेला आहे जी मोठे काका."

"राहू दे," किसनराव म्हणाले. त्यांनी तो कागद नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. "याच्यात माया भावानं मले भिंग लावून पाह्यलं." रूपराव बाहेर जाऊन मोटरसायकल पुसत बसले, जी काही मळलेली नव्हती.

समीक्षाचं लग्न थाटात झालं. तिला मांडवात मोठ्या बाबांनीच आणलं, असं ताई सांगत होत्या. धुऱ्यावर आता दोघांनी मिळून नवा कडुनिंब लावला आहे.

मित्रांनो, मी अजून इथंच आहे. माझे रूळ झिजलेत, सकाळी गरम व्हायला वेळ लागतो, कधी कधी कागद अडकतो. तेव्हा एवढं मागणं आहे. आमच्यासारख्या जुन्यांचं काही चुकलं असं वाटलं, तर पाठीत थाप मारण्याआधी जरा पान दूर सारून पाहा. आम्ही बहुधा तेच दाखवत असतो, जे तुम्ही दूर ठेवून विसरलेले असता.

ताईंची खोड काही गेलेली नाही. रुसलेली नावं अजूनही अंगणात बसतात. फक्त आता त्या बटण दाबण्याआधी पडद्यावरचं पान पार लहान करतात, चारी कोपरे बघतात, आणि समोर बसलेल्या माणसाला विचारतात, "बाहेर कोणी राह्यलं तं नाई ना जी?"