लांबचा पाहुणा

माझं काम सांगितलं की लोकांना हसू येतं. वेबसाइटचं पान उघडायला किती वेळ लागतो ते दिवसभर मोजायचं आणि तो वेळ कमी करत राहायचं, एवढ्यासाठी कोणी माणूस ठेवतं हे आमच्या आत्याला अजून पटलेलं नाही. "म्हणजे नुसतं बघत बसायचं?" असं ती विचारते आणि मी हो म्हणते, कारण बरंचसं तसंच आहे.

मी ज्या संस्थेत आहे तिची वेबसाइट हरवलेल्या माणसांची आहे. प्रत्येकाचं एक पान, वर मोठा फोटो, खाली घरच्यांचा मजकूर. चेहरा पाहिल्याशिवाय कोणी मजकूर वाचू नये, असा संस्था काढणाऱ्या बाईंचा आग्रह, म्हणून फोटो पडद्यावर पुरता उतरल्यावरच खालची अक्षरं दिसत. आणखी एक अलिखित नियम होता: घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या माणसाच्या फोटोला हात लावायचा नाही. पान लवकर उघडावं म्हणून फोटो हलका, म्हणजे कमी बारकाव्यांचा, करायला बहुतेक घरं चटकन परवानगी देत. एकाच घराने दिली नव्हती आणि ते घर आमचं होतं.

दादा "जरा येतो" म्हणून बाहेर पडला त्याला वर्षं लोटली होती. भांडण असं काही झालं नव्हतं. बाबांच्या आजारपणात त्याने घेतलेला एक निर्णय चुकला, बाबा गेले, आणि त्यावर घरात कोणी चकार शब्द काढला नाही. ते न बोलणंच त्याला सोसलं नसावं. त्याच्या पानासाठी आईने भिंतीवरचा फोटो उतरवला आणि स्टुडिओतून एवढा मोठा करून आणला की पडद्यावर शर्टाची वीण मोजता यावी. खाली दोनच वाक्यं लिहून दिली: तुझी काही चूक नव्हती. घरी ये. मी फोटोचा विषय काढला की ती म्हणे, "आधीच अंगाने काडी आहे तो. आणखी हलका कशाला करतेस?" साइटवरचं सगळ्यांत जड पान आमच्या दादाचंच राहिलं.

त्या पानावर एक पाहुणा येऊ लागला. साइट उघडणाऱ्याला आम्ही ऑफिसात पाहुणाच म्हणतो. तो कोण ते आम्हाला कळत नाही, फक्त तोच पुन्हा आला हे आणि पान त्याच्यापर्यंत कसं पोचलं ते दिसतं. हा रोज यायचा. फोटो वरून खाली रेघेरेघेने उतरू लागायचा, कपाळ, भुवया, डोळे, आणि तेवढ्यात तो निघून जायचा. त्याच्यापर्यंतचा उशीर मी कधी पाहिला नव्हता इतका होता. मी बुवांना बोलावलं. बुवा म्हणजे आमचा सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ. कुठलीही गोष्ट प्रवचनाच्या संथ सुरात सांगतात म्हणून हे नाव.

"पान उशिरा उघडायला कारणं दोनच," बुवा म्हणाले. "एक तर पान जड, नाहीतर पाहणारा लांब. जडपण आपल्या हातात, अंतर नाही." मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आकडा पुन्हा वाचला. "पण एवढा उशीर व्हायला पृथ्वी पुरायची नाही. मोजणारंच बिघडलंय."

आम्ही तपासलं. बाकी सगळ्यांचे आकडे अगदी शहाण्यासारखे होते.

आपण भलत्याच गोष्टीला जीव लावून बसलो आहोत, हे मला कळत होतं. पण तो दादा असलाच, तर रोज स्वतःचाच अर्धा चेहरा पाहून उठतोय आणि ज्यासाठी पान केलं ती दोन वाक्यं त्याला दिसतच नाहीत, हा विचार मला जेवू देईना. शेवटी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत असलेल्या आईसमोर जाऊन बसले.

"त्याच्या पानावर रोज कोणीतरी येतं," मी म्हटलं. "वाट बघतं आणि जातं. फोटो उतरायला फार वेळ लागतो."

आईचे हात थांबले. "खालचं वाचून होत नाही?"

"तिथवर पोचतच नाही."

तिने हातातला टॉवेल उलगडला आणि पुन्हा तशीच घडी घातली. "कर मग हलका. डोळे मात्र नीट दिसू देत."

मी जपून काम केलं. दुसऱ्या दिवशी पाहुणा आला, फोटो उतरला, खालची वाक्यं उमटली आणि पहिल्यांदाच तो गेला नाही. दोन वाक्यं वाचायला कोणी एवढा वेळ लावत नाही. मी मात्र दिवसभर शीळ घालत फिरले आणि बुवांना माझ्याकडून चहा पाजला.

त्यानंतर त्याचा उशीर कमी होऊ लागला. पानाला मी पुन्हा बोटही लावलं नव्हतं. जडपण जेवढं घटायचं तेवढं एका दिवसात घटून गेलं होतं. हे जे रोज थोडं थोडं घटत होतं ते अंतर होतं. कोणी पायी यावं, कधी रेंगाळत, कधी झपाझप, तसं. बुवांनी विनोद करणं सोडलं. सकाळी आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्याही आधी ते माझ्या पडद्याशी येऊन उभे राहत आणि "कुठवर?" एवढंच विचारत.

आईसुद्धा रोज आपल्या फोनवर ते पान उघडते, त्यामुळे आमच्या घरापर्यंत किती उशीर होतो तो आकडा मला तोंडपाठ आहे. एका दुपारी पाहुण्याच्या नोंदीपुढे नेमका तोच आकडा येऊन थांबला. मी घरी फोन लावला.

"अगं, तुलाच लावत होते," आई म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "दादा आलाय."

मी खुर्चीतल्या खुर्चीत रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. आईने फोन त्याच्याकडे दिला.

"दादा?"

पलीकडे काहीच नाही. मग, "हं."

"कसा आहेस?"

पुन्हा तसंच थांबणं. "बरा आहे गं."

आवाज त्याचाच होता, थोडा बसलेला. पण त्याच फोनवरून आईची उत्तरं लगेच येत होती आणि त्याची उशिरा. सवय वाईट असते. मी मनातल्या मनात मोजत होते.

"आपलं पान पाहत होतास ना रोज?"

या वेळी फारच वेळ गेला. "कुठलं पान?" तो म्हणाला. "मला न्यायला आलं होतं ना कोणीतरी. तूच पाठवलं होतंस ना?"

मी हो म्हटलं. मग मी उगाचच बोलत राहिले, आत्याचं, ऑफिसचं, शेजारच्यांच्या मांजराचं, आणि बोलता बोलता तो उशीर कमी होत गेला. "लवकर ये घरी," असं तो म्हणाला तेव्हा माझं वाक्य संपायचं होतं.

आता दादा अंगाने भरलाय. आईवर खेकसतो, माझी टर उडवतो, आणि मला त्याच्या एकेका टोमण्याचा आनंद होतो. कुठे होतास, असं आम्ही विचारलेलं नाही. त्याचं पान काढून टाकलं. पाहुणा दिसेनासा झाला.

गेल्या आठवड्यात बुवांनी आपला पडदा माझ्याकडे वळवला. एका शिक्षिकेचं पान होतं. बाई धरणाच्या पाण्यात सापडल्या होत्या, यजमानांनी स्वतः जाऊन ओळख पटवली होती, आणि पान काढून टाका असं आम्हाला कळवलंही होतं. ते राहून गेलं होतं. कोणीतरी ते उघडत होतं. कपाळ, भुवया, डोळे, आणि जात होतं. उशीर पृथ्वीला न पुरणारा.

"मोजणारं बिघडलंय," बुवा म्हणाले, पण त्या सुरात जीव नव्हता. "पान काढू या का?"

मी यजमानांना फोन लावला. बाईंचा फोटो जरा हलका केला तर चालेल का, असं विचारलं.

"मी ते पान काढायला सांगितलं होतं," ते म्हणाले.

"हो. पण कोणीतरी रोज येतं, आणि खालचं वाचून व्हायच्या आत परत जातं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"करा हलका," ते म्हणाले. "मी दाराची कडी काढून ठेवतो."