ओरुळांच्या तलवारी

शेखरने ओरुळांना रिजेक्ट केलं, तेही घोटीला, स्वतःच्या घरच्या ओट्यावर मांडी घालून, आणि सायलीचं डोकंच फिरलं.

ओरुळ ही सायलीने निर्माण केलेली परग्रहावरची जमात. दर रविवारी ती, शेखर आणि मनोज एक खेळ खेळायचे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, शेखरने आकाशगंगेची गोष्ट पुढे न्यायची आणि अडलं की फासे टाकायचे. तीन वर्षं सायली या खेळात तिसा नावाची ओरुळ म्हातारी होती. शाळेत भूगोल शिकवताना वर्ग कालवा करायला लागला, की ती तिसाचाच आवाज लावायची. आता पुण्यात खेळाडूंच्या मेळाव्यात शेखर हे सगळं विश्व लोकांपुढे मांडणार होता, आणि त्याआधी त्याने साफसफाई काढली होती.

शेखर सातपूरला एका कारखान्यात तपासनीस. तयार भाग गेजच्या मापात बसला तर पास, नाही बसला तर लाल पट्टी. माणूस वाईट नव्हता, पण रविवारीही गेज खिशात घालून हिंडायचा.

"हे बघ," तो म्हणाला, "ओरुळ हिंसेला पाप मानतात. मरतील पण तलवार चालवणार नाहीत. आणि अख्ख्या आकाशगंगेत उत्तम तलवारी कोण घडवतं? तर ओरुळ! असं कुठे असतं का? एक तर पाप काढ, नाही तर तलवारी काढ. नाही तर मी ओरुळच काढतो. पुण्यात लोक हसतील."

"हसू देत."

"चूक आहे ती, सायली."

"चूक नाही. ओरुळ तसेच आहेत."

भांडण लागलं की मनोजला मोबाइल आठवायचा, तसा तो आठवला. सायली तरातरा उठून परसात गेली. तिसा एखाद्या लढाईत मेली असती, तर सायलीने चार अश्रू ढाळून सोडून दिलं असतं. पण ती कधी नव्हतीच म्हणायचं? हे ती कदापि होऊ देणार नव्हती.

परसात शेखरची आई लताबाई चुलीवर मटण शिजवत होती. गळ्यात तुळशीची माळ. माळ घातल्यापासून तिने रस्सा बोटाने चाखलाही नव्हता, पण भावकीत कुणाकडे पाहुणे आले, की मटणाला लताबाईच लागायची.

"मिठाचं बघ गं पोरी," तिने पळी पुढे केली. "मला नाय चालत."

सायलीने रस्सा चाखला आणि क्षणभर रागच विसरली. "मीठ बरोबर आहे. काकू, तुम्हाला पाप वाटतं ना हे?"

"वाटतं ना. म्हणून तर खात नाय."

"मग करता कशाला?"

"माळ माझ्या गळ्यात हाय, पोरांच्या नाय," लताबाई कोथिंबीर टाकत म्हणाली. "आन् केलंच, तर वंगाळ कशाला करू?"

जेवायला सगळे परसातच बसले. मटणाची भांडी वेगळी, ती बाहेरच्या पडवीत राहायची. मनोजला उकडत होतं, म्हणून तो ताट उचलून पंख्याखाली निघाला, तसा शेखर ओरडला, "ए! ते ताट घरात नको! देवघर आहे आत!"

सायलीने घास खाली ठेवला. "फ्रीजमध्ये तर अंडी आहेत."

"अंडी चालतात."

"असं कुठे असतं का? एक तर देवघर काढ, नाही तर अंडी काढ."

मनोजला ठसका लागला. शेखरचे कान लाल झाले, पण तोही सहजासहजी हरणारा नव्हता. "हे खरं आहे, सायली. खऱ्याला काहीही चालतं. बनवलेलं मात्र पटावं लागतं. निदान का ते एक ओळ लिही, मग ठेवतो."

"लिहिणार नाही. काकूंनी लिहून लावलंय कुठे दारावर? ओरुळांनीच का द्यायचा खुलासा? तुला विचारायचंच असेल तर तिसाला विचार. खेळात."

हात धुऊन ते ओट्यावर बसले. शेखरने खेळातल्या सम्राटाच्या दूताचा जाडा आवाज लावला. "म्हातारे! पाप मानतेस, तर तलवार का घडवतेस?"

सायलीने पाठ ताठ केली. "व्रत माझं आहे, दूता, तुझं नाही. आणि घडवलीच, तर बोथट कशाला घडवू?"

शेखरने फासे उचलले. दूताला हे पटलं की नाही, ते फासेच ठरवणार होते. पण मागे लताबाई मटणाचं पातेलं राखेने घासत होती, त्याचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. शेखर त्या आवाजाकडे कान देऊन बसला.

"टाक ना," मनोज म्हणाला.

शेखरने फासे न टाकताच खाली ठेवले.

"तिसा पुण्याला येणार," सायली म्हणाली. ती विचारत नव्हती.

"येऊ दे," शेखर म्हणाला. "तलवारी घेऊन येऊ दे."