रक्त पातळ करायची गोळी

दिग्रसजवळच्या तांड्यातली निम्मी बाळंतपणं लालीबाईच्या हातची. रक्ताचं तिला कोणी शिकवू नये! बाळंतीण पांढरी पडली की बकऱ्याच्या रक्ताची सळोई शिजवून घालायची, महिन्याभरात बाई उभी.

तिच्या पोराची, धरमसिंगची, हृदयातली झडप नागपूरला बदलली होती. तिथल्या डॉक्टरनं बजावलं होतं, "नव्या झडपेवर रक्त साकळतं. गाठ सुटून मेंदूत गेली, तर माणूस आडवा होतो. रक्त पातळ करायची ही गोळी जन्मभर." सून वर्षा झुंजूमुंजूलाच कापूस वेचायला जायची, म्हणून गोळी द्यायचं काम सासूकडे आलं.

एक दिवस सोयाबीन कापताना धरमसिंगच्या बोटाला विळा लागला. फडक्यामागं फडकं भिजलं, रक्त काही थांबेना. लालीबाईनं ते बोट मुठीत दाबून धरलं. "अवं माय, हे रक्त हाय का पानी? या गोळीनं खंगवलं माह्या पोराले!"

"बाई, गोळीनं तसंच होते," वर्षा म्हणाली. "बंद नका करू."

ऐकेल ती लालीबाई कसली! दुसऱ्या दिवसापासून तिनं त्या गोळीऐवजी स्वतःची कॅल्शियमची गोळी त्याच्या हातावर ठेवली; तो न बघताच गिळायचा. वर सळोई रांधली. धरमसिंगनं बोटं चाटून खाल्ली. "आता कसा मानूस दिसून राह्यला," म्हणत म्हातारी तांडाभर मिरवली.

ऐन वेचणीत एका सकाळी त्याच्या हातून चहाचा कप गळाला. तोंड वाकडं झालं.

पुसदच्या दवाखान्यात रक्ताची तपासणी पाहून डॉक्टर वर्षावरच उखडले. "गोळी कोणी सोडायला सांगितली? रक्त साकळून गाठ मेंदूत गेली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नवरा जड झाला होता का तुला?"

"नाही जी, रोज देतात ना..." वर्षा बोलता बोलता थांबली. तिनं सासूकडे पाहिलं.

लालीबाई पुढं झाली. "तिले नका बोलू साहेब. म्याच बंद केली. पोराच्या अंगात रक्त भरावं म्हनून."

खाटेवर धरमसिंग जागा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. लालीबाईनं त्याचा डावा हात धरला. "बेटा, शिव्या दे मले. आई म्हनू नको, याडी म्हनू नको, पन बोल रे काही!"

त्यानं जोर लावला. नुसता 'आं' निघाला, लाळ गळली, आणि तो रडायला लागला. लालीबाई पदरानं त्याचं तोंड पुसायला वाकली.

वर्षानं तिचा हात बाजूला सारला. "राहू द्या बाई. आता तुमी हात नका लावू त्याईले."